टॉवेलाखालची चौथी खूण

गोड बोलणाऱ्या माणसाचं मी तोंड बघत नाही, हात बघतो. ही सवय मला घोटीच्या बैलबाजारात लागली. तिथे सौदा तोंडाने होत नसे. दोघांनी हातात हात द्यायचा, वरून टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. कोणतं बोट, किती वेळा, याचे अर्थ ठरलेले. वरून माणसं पीकपाण्याच्या गप्पा मारताहेत आणि खाली हातांची घासाघीस चाललीय, असा तो प्रकार. समोरच्याचा तळवा घामेजला की मला कळायचं, याला बैल घरी परत न्यायचा नाही. तोंडाने तो कितीही म्हणू दे, "दादा, तुमच्यासाठी म्हणून थांबलोय."

त्या बाजारात मी एका म्हाताऱ्या हेड्याच्या हाताखाली शिकलो. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. पुढे शेतातले बैल कमी झाले, तसा मी जुन्या ट्रॅक्टरांच्या धंद्यात शिरलो. नाशकात द्वारकेच्या बाजूला जागा घेतली, पंचवटीत घर बांधलं. यातलं काहीही मला कोणी आणून दिलेलं नाही. डोकं तापट आहे हे मला माहीत आहे, दुसऱ्याने सांगायची गरज नाही. पण त्या डोक्यामुळेच मला फसवायला कोणी धजलं नाही. एकच माणूस फसवून गेला, आणि तो ट्रॅक्टर विकायला आला नव्हता. तो माझी मुलगी दुरुस्त करायला आला होता.

'दुरुस्त' हा शब्द त्याचाच. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मुलगी पाच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाही, पण शेजारच्या गल्लीत ट्रॅक्टर सुरू झाला की कान टवकारायची. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून सांगितलं. तो शब्द तेव्हा नाशकात कोणाला सांगितला की लोक विचारायचे, "म्हणजे नक्की कुठे दुखतं?" औषध नाही म्हणाले. वागणूक शिकवावी लागेल, त्याचं शास्त्र आहे, ते जाणणारा माणूस शोधा.

शोधला. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर मोठं घड्याळ, हातात चिमट्याची पाटी आणि पाटीवर रकान्यांचा कागद. आम्ही त्याला सर म्हणायचो. सर समोर बसायचे, "हात खाली" म्हणायचे. मुलीने हात खाली घेतले की लिमलेटच्या गोळीचा तुकडा आणि कागदावर एक रेघ. नाही घेतले तर तुकडा नाही, रेघ दुसऱ्या रकान्यात. खोटं कशाला बोलू, दोन महिन्यांत ती खुर्चीत बसायला शिकली. ताट दाखवलं की बोट करायला शिकली. मी बाजारात चार लोकांना सांगितलंसुद्धा.

मग तिचं रडणं सुरू झालं. रडणं म्हणजे किंचाळणं, जमिनीवर डोकं आपटणं. बायको धावायची, उचलायची. सर म्हणाले, "ती रडते कारण तुम्ही उचलता. तुम्ही उचलणं बंद करा, ती रडणं बंद करेल." मला हे पटलं. गिऱ्हाईक ओरडतं कारण ओरडलं की आपण नमतो, हे मी रोज बघत होतो. मीच म्हणालो, करू या.

मागच्या खोलीत तिच्याभोवती गोधड्या पसरायच्या आणि दार लावायचं, रडणं थांबलं की उघडायचं. दाराची कडी ढिली होती, आतून धक्का बसला की निसटायची. म्हणून ती मी हाताने धरून उभा राहिलो. सर बाजूला स्टुलावर, घड्याळाकडे बघत मिनिटं लिहीत. पहिल्या दुपारी असंच, दुसऱ्या दुपारी असंच. तिसऱ्या दुपारी बायको स्वयंपाकघरातून आली. डोळे सुजलेले, हातात पाण्याचा पेला.

"सर, पाणी तरी देऊ का तिला?"

सरांनी मान वर केली नाही. "ताई, आत्ता आत गेलात तर सगळी मेहनत वाया जाईल. कालपेक्षा कमी आहे. चांगलं चाललंय."

थोड्या वेळाने आवाज थांबला. सर हसले, कागदावर खूण केली आणि मला म्हणाले, "बघा." मी कडी सोडली. मुलगी भिंतीला टेकून शांत बसली होती आणि स्वतःचं डावं मनगट चावत होती. गोधडी लाल झाली होती.

मी सरांची कॉलर धरली. पाटी रस्त्यापलीकडच्या गटारात गेली, सर फाटकाबाहेर गेले. जाताना फाटकाला धरून त्यांनी जे वाक्य टाकलं ते माझ्या कानात अजून तसंच आहे. "तुम्हाला धीर नाही. मधेच सोडलंत तर असंच होणार." म्हणजे चूक त्यांची नाही, त्यांच्या शास्त्राचीही नाही. चूक आमची. मोडका माल विकायचा आणि वर म्हणायचं, तुम्हाला चालवता येत नाही. बाजारात असं करणाऱ्याला आम्ही पुन्हा उभं करत नसू.

त्या संध्याकाळी मी घरभर शिव्या घालत हिंडत होतो. मनगटाला हळद लावता लावता बायको एकदाच म्हणाली, "त्यांनी सांगितलं. कडी तुम्ही धरली होती."

पुन्हा कधी म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडून कदाचित मोकळा झालो असतो.

मुलगी त्यानंतर कोणाला जवळ येऊ देईना. आईला थोडं, मला अजिबात नाही. मी ओट्यावर बसलो की ती चार हात लांब बसायची. असे किती महिने गेले कोण जाणे. एके दिवशी मी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर टाकून बसलो होतो, आणि ती सरकत सरकत आली आणि तिने टॉवेलाखाली हात घातला. वर माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. आत माझं करंगळीचं बोट धरून खेचलं. मी हललो नाही. इतक्या वर्षांच्या बाजारात माझा हात इतका गप्प कधी बसला नसेल.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. करंगळी ओढली की पाणी. मधलं बोट दाबलं की भूक. अंगठा दाबला की मला ट्रॅक्टरवर बसव. आणि चौथी खूण तिने स्वतःच काढली, मी शिकवली नव्हती. तळवा पूर्ण उघडायचा आणि माझ्या तळव्यावर ठेवून हळूच ढकलायचं. म्हणजे पुरे. आता नको. थांब. गाणं असो, घास असो, पाहुणे असोत, तिने तळवा ढकलला की मी थांबायचो. आईलाही या खुणा कळायच्या. तिसऱ्या कोणाला नाही. टॉवेल नसेल तर मात्र ती एकही खूण करायची नाही. उघड्यावर हात द्यायला तिला आवडत नसे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, आम्हालाही आवडत नसे.

ती तेरा वर्षांची झाली, तेव्हा केसांचा प्रश्न उभा राहिला. फणी बघितली की ती पळायची. आईने झोपेत विंचरावं तर जागी होऊन मारायची. केसांचा गुंता होऊन मानेपाशी गोळा झाला होता, खाली कातडी लाल. माझी बहीण येऊन म्हणाली, "वैनी, सरळ डोकं भादरून टाका. कोणाला दाखवायचंय?" बायको चहा ठेवायला गेली. नंतर मला म्हणाली, "तिला बोलता येत नाही म्हणून तिचं डोकं भादरायचं, हे मी होऊ देणार नाय. मी एका बाईंना बोलावलंय."

अशा मुलांच्या पालकांचा एक गट होता, कोणाच्या तरी गच्चीवर जमायचा. तिथून ही बातमी आली होती. बाई पुण्याकडच्या, गंगापूर रोडला भाड्याने राहायच्या, दुचाकीवरून घरोघरी जायच्या. तेच शास्त्र. मी नाही म्हणालो. बायको म्हणाली, "मग तुम्ही विंचरा."

बाई आल्या, तेव्हा मी ओट्यावरच बसून होतो. तिशीच्या आतली पोर, पण मी मॅडम म्हणालो. हातात तीच चिमट्याची पाटी बघून माझं डोकं तिथेच फिरलं.

"मॅडम, गोळ्या आणल्यात का?"

"कसल्या गोळ्या, काका?"

"तुकडे करून भरवायच्या. आधीच सांगतो, आमच्याकडे कुत्रं नाही. पोरगी आहे."

"अहो!" बायको दारातून म्हणाली.

मॅडम उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आधी कोणी येऊन गेलंय का?"

"येऊन गेलंय. समोरच्या गटारात बघा, पाटी अजून सापडेल."

मला वाटलं होतं, चिडेल किंवा हसेल. ती खाली ओट्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "काय झालं होतं, सांगाल का? आज नको असेल तर आज नको." आणि गप्प. सौद्यात बडबड करणाऱ्याला मी भीत नाही, भितो तो गप्प बसणाऱ्याला. मी काही सांगितलं नाही. बायकोने सगळं सांगितलं, कडीसकट. मी उठून धंद्याच्या जागेवर निघून गेलो.

मॅडम आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या. मी त्या वेळी वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचो आणि एकही ओळ वाचायचो नाही. कानांनी पहारा. आल्या आल्या त्या बायकोला विचारायच्या, "काकू, कालचा दिवस कसा गेला?" आणि थांबायच्या, उत्तर पूर्ण येईपर्यंत. मुलीसमोर तिच्याविषयी बोलायचं झालं तर तिला आधी सांगायच्या, "मी आईला तुझ्या केसांबद्दल विचारतेय हं." जणू तिला कळतंय. म्हणजे कळत होतंच, पण ते आम्हाला माहीत, हिला कसं माहीत? पहिले पंधरा दिवस फणी पिशवीतून बाहेरच काढली नाही. नुसत्या बसायच्या. मुलगी चार हात लांबून तीन हातांवर आली.

बायको मॅडमसाठी थालीपीठ राखून ठेवू लागली. माझा संशय वाढत गेला. एवढं गोड माणूस फुकट नसतं. मी स्वतः गिऱ्हाइकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो, तेव्हा मला त्या गुडघ्यांशी देणंघेणं नसतं.

आणि मला पुरावा सापडला.

मॅडम हात धुवायला मोरीत गेल्या होत्या, पाटी खुर्चीवर होती. वरचा कागद मुलीचा. तीच रेघांची भाषा. तो उचलला तर खाली दुसरा. मराठीत, हाताने लिहिलेला. 'आल्यावर आईला आधी विचारलं का?' 'उत्तर येईपर्यंत थांबले का?' 'मुलीसमोर तिच्याबद्दल परक्यासारखं बोलले का?' 'ती नको म्हणत असताना पुढे गेले का?' आणि शेवटी, 'वडील रागावले तेव्हा समजावायची घाई केली का?' प्रत्येक ओळीपुढे तारखा आणि त्याखाली बरोबरच्या, चुकीच्या खुणा. माझ्या रागाच्या ओळीपुढे चुकीच्या खुणा बऱ्याच होत्या.

मॅडम बाहेर आल्या, तेव्हा मी पाटी हातात घेऊन उभा होतो.

"हे काय आहे?"

"काका, तो माझा—"

"माझा राग रकान्यात घातलात? थालीपीठ खाल्लंत त्याचाही रकाना आहे का? ही माझी भोळी बायको समजतेय की पोरीला मावशी मिळाली. आणि तुम्ही इथे येऊन मायेची प्रॅक्टिस करताय!"

मॅडमचा चेहरा उतरला. पण पाटीसाठी हात पुढे केला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "प्रॅक्टिसच करतेय."

मी थांबलो. चोर एवढ्या लवकर कबूल होत नसतो.

"मी शिकत होते तेव्हा मला फक्त वरचा कागद भरायला शिकवलं. मुंबईत एक आई होती. मुलगा छान शिकत होता, कागद तर एकदम उत्तम. एक दिवस ती यायचीच बंद झाली. मी फोन केला तर म्हणाली, तू सहा महिन्यांत मला एकदाही विचारलं नाहीस की मी जेवते का. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, काका. पण वाटतं ते वागण्यात आणता येत नव्हतं. म्हणून दुसरा कागद काढला. दर रविवारी माझ्या जुन्या शिक्षिकेला फोनवर वाचून दाखवते."

"माया काय पाढ्यांसारखी शिकायची असते?"

त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या मनात आलं, झालं, आज शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण.

बोलली ती बायको. पदराला हात पुसत म्हणाली, "त्या पहिल्याच्या कागदावर नुसती आपली पोरगी होती. या स्वतःलापण मार्क देतात. द्या ती पाटी त्यांना."

दिली. पण समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी मालेगावला एक ट्रॅक्टर बघायला निघालो होतो, रस्ताभर तेच डोक्यात. चांदवडचा घाट उतरताना म्हातारा हेडी आठवला. नव्या बैलाला हात लावायचा तर तो मला ओरडायचा, "दात नंतर! आधी खांद्यावर तळवा ठेव. चामडी थरथरायची थांबेपर्यंत हलवू नको." मला ते येत नव्हतं, त्याने शिकवलं. चुकलो की पाठीत चापट बसायची. मग माझा तळवा खोटा होता का? बैलाला तर नव्हता वाटला. पण लगेच दुसरं मन म्हणालं, शेवटी तू तो बैल विकायचासच ना. मालेगाव येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी भांडत होतो, ट्रॅक्टरच्या सौद्यातही लक्ष लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमने मला ओट्यावर गाठलं. मुलीचा हात माझ्या टॉवेलाखाली होता, ते त्यांनी बघितलं.

"काका, ती तुमच्याशी बोलतेय ना? मी तिला पाण्याची चित्रं दाखवत बसले आणि तिच्याकडे भाषा आहे. मला शिकवाल?"

आता खरी गोष्ट सांगतो. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी सावध झालो. मी त्यांना टॉवेलाखाली हात द्यायला लावला आणि करंगळी शिकवली, मधलं बोट शिकवलं, अंगठा शिकवला. त्यांचा हात गार होता आणि घाबरलेला होता, पण पळत नव्हता.

"अजून काही?"

"नाही. एवढंच."

सौद्यात सगळी बोटं कोणी उघडत नाही. एक राखून ठेवायचं, समोरचा कसा आहे ते कळेपर्यंत. मी मनात म्हणालो, हिची माया खरी असेल तर चौथी खूण न सांगता समजेल. खोटी असेल तर उघडी पडेल. मला माझी हुशारी आवडली.

त्या शनिवारी मुलगी मॅडमच्या शेजारी बसली. मांडीवर टॉवेल, टॉवेलाखाली दोघींचा एकेक हात. मॅडमच्या दुसऱ्या हातात फणी, लाकडी, मोठ्या दातांची. बायको समोर, मी दारात. एकदा फणी फिरली, वरच्यावर. मुलगी बसून राहिली. बायकोने माझ्याकडे बघितलं, डोळे भरलेले. दुसऱ्यांदा फिरली. मग फणी मानेजवळ, गुंत्याच्या कडेला टेकली.

टॉवेल हलला. मी लांबून ओळखलं. तळवा.

मॅडम थांबल्या. "पाणी हवंय?" बायकोने पेला पुढे केला. मुलीने घेतला नाही. टॉवेल पुन्हा हलला, जोरात. "भूक लागली?" मॅडमने फणी हातातच धरली होती, केसांना टेकलेली. मी दारात उभा होतो. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी बघत होतो, हिला कळतं का.

तिसऱ्यांदा टॉवेल इतका उसळला की खाली पडला. मुलीने मॅडमचा हात तोंडाशी ओढला आणि चावली. जीव खाऊन चावली. मग उठली, मागच्या खोलीत गेली आणि आतून दार ओढून घेतलं.

मॅडमच्या हातातून रक्त येत होतं. फणी जमिनीवर. मी वाट बघत होतो, आता ओरडेल, आता लिहील. त्यांनी पाटीकडे बघितलंही नाही. टॉवेल उचलून हातावर दाबला आणि माझ्याकडे वळल्या.

"काका, ती तीनदा एकच गोष्ट म्हणाली. मला समजली नाही. तुम्हाला माहीत आहे का, काय म्हणत होती?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिला ती खूण माहीत होती. मी ती मॅडमना शिकवली असणार, असं ती धरून चालली होती.

"सांगितलं नव्हतंत?" ती म्हणाली.

आतून काही आवाज येत नव्हता. तसाच, त्या दुपारसारखा. मी धावत जाऊन दार उघडलं. मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मनगट तोंडात नव्हतं. दोन्ही तळवे समोर धरून ती हवेला ढकलत होती. टॉवेल नसताना, उघड्यावर.

मी परत आलो. खांद्यावरचा दुसरा टॉवेल काढला आणि मॅडमच्या न चावलेल्या हातावर टाकला. खाली माझा तळवा त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि हळूच ढकलला.

"म्हणजे पुरे," मी म्हणालो. "थांब म्हणत होती. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं."

"का?"

"तुम्हाला कळतं का बघायला."

त्या चिडल्या. पहिल्यांदाच. आवाज चढवला नाही, पण चिडल्या. "काका, मला तोलायचं असेल तर माझ्यावर तोला. तिच्यावर नको." आणि हात बांधून घ्यायला निघून गेल्या. फाटकापर्यंत पोचवायला बायको गेली. मी गेलो नाही.

पुन्हा येणार नाहीत, असं मी धरून चाललो. बायको माझ्याशी बोलत नव्हती. उजेड होता तोवर मी पेचकस घेतला आणि मागच्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकली. चारही स्क्रू गंजलेले, शेवटचा निघेना, तो पकडीने उपटला. लाकडाचा टवका निघाला. बायको स्वयंपाकघरातून बघून गेली. दुसऱ्या दिवशी त्या भोकांत तिने मेण भरलेलं होतं.

मॅडम मंगळवारी आल्या. हाताला पट्टी. माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मुलीशेजारी बसल्या, मांडीवर टॉवेल घेतला आणि फणी काढायच्या आधी स्वतःचा तळवा आत उघडून ठेवला. मला टॉवेलाच्या घडीवरून कळलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मुलीचा हात आत गेला.

त्या पुढच्या महिन्यांचं लांबण लावत नाही. त्या पहिल्या सरांबद्दल माझं मत बदललेलं नाही, कधी समोर आले तर कॉलर पुन्हा धरीन. आणि मॅडमचा दुसरा कागद मी त्यानंतरही संधी मिळाली की वाचायचो. 'ती नको म्हणत असताना पुढे गेले का?' या ओळीपुढे त्या शनिवारची चुकीची खूण होती. माझ्या वाटणीची त्यांनी स्वतःकडे घेतली होती. हे मला आवडलं नाही. कोणी आपला बोजा न विचारता उचलला की मला शंका येते.

एक दिवस मात्र सांगतो. फणी मानेजवळच्या गुंत्यात पहिल्यांदा खोल गेली होती, अर्ध्यात होती, आणि टॉवेल हलला. मॅडमनी त्याच क्षणी हात काढून घेतला. फणी ओढून घेतली नाही, सोडवलीही नाही. सोडून दिली. फणी गुंत्यात तशीच लटकत राहिली. मुलगी उठली आणि लटकत्या फणीसकट घरभर हिंडू लागली. ओट्यावर गेली, मोरीत डोकावली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. फणी मानेवर टक टक आपटत होती. तिला त्याचं काही नव्हतं, काढायला कोणी मागे धावत नव्हतं ना. बायको आधी तोंडावर पदर धरून हसली, मग पदर सोडून हसली. तिचं ते हसणं मी विसरलो होतो.

मी हसलो नाही. मी मॅडमकडे बघत होतो, आता ही काय लिहिते ते पाहायला. पाटी खुर्चीवर उपडी पडली होती, आणि मॅडम माझ्या बायकोला धरून हसत होत्या.